हजारो खेळाडू, आणि जो तो एकटाच!

दर दोन-तीन वर्षांनी एखादा नवा ऑनलाइन गेम "हा सगळ्यांचा बाप" म्हणून गाजतो. ट्रेलर जबरदस्त. पहिल्या आठवड्यात सर्व्हरमध्ये शिरायला रांगा. आणि चार-सहा महिन्यांनी डोकावून बघावं तर गावं ओस, बाजार सामसूम, जिथे शेकडो लोक उगाच उड्या मारत होते तिथे एकटा दुकानदार उभा (तोही कॉम्प्युटरचाच!). मग सगळीकडून एकच सूर... "कंटेंट कमी पडला हो!"

मला हे निदान पटत नाही. कंटेंट सगळ्यांनाच कमी पडतो. शंभर लोकांनी दोन वर्षं खपून बनवलेली मोहीम हौशी खेळाडू एका लाँग वीकएंडला संपवून मोकळा होतो. तरीही काही गेम वीस-वीस वर्षं चालतात आणि काही वर्षभरात आटोपतात. मग फरक कशात आहे?

ज्यांनी हा प्रकार कधी खेळला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. एमएमओआरपीजी म्हणजे एकाच काल्पनिक जगात एकाच वेळी हजारो माणसं. प्रत्येकाचं एक पात्र. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी जखमा भरणारा हीलर. राक्षस मारा, लेव्हल वाढवा, वस्तू मिळवा, गिल्ड म्हणजे टोळी करा. तुम्ही झोपलात तरी ते जग चालूच असतं.

माझं मत थोडक्यात असं. हे गेम चालतात ते अनोळखी माणसाची तुम्हाला गरज पडते म्हणून, आणि त्या माणसाच्या तुमचं नाव लक्षात राहतं म्हणून. यातलं एक जरी सुटलं तरी उरतो तो एकट्याने खेळायचा गेम, फक्त त्यात गर्दी जास्त.

आता जरा इतिहास बघू. १९९७ साली 'अल्टिमा ऑनलाइन' आला. बनवणाऱ्यांनी मोठ्या हौसेने त्यात जंगलाचं अख्खं निसर्गचक्र घातलं होतं. हरणं गवत खाणार, लांडगे हरणं खाणार वगैरे. खेळाडू आले आणि त्यांनी दिसेल ते मारून टाकलं! चक्र फिरायच्या आतच संपलं आणि शेवटी ते काढून टाकावं लागलं. मग खेळाडू एकमेकांना मारायला लागले. नवा माणूस गावाबाहेर पडला की लुटला जायचा. तक्रारी इतक्या वाढल्या की २००० साली जगाच्या दोन प्रती केल्या. एक जुनी, रक्तपाताची फेलुका, आणि दुसरी ट्रॅमेल, जिथे मर्जीशिवाय कोणी तुम्हाला मारू शकत नाही. बहुतेक जनता अर्थातच ट्रॅमेलमध्ये गेली. त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. दिवसभर ऑफिसात बॉसकडून मार खाल्ल्यावर संध्याकाळी पैसे देऊन पुन्हा मार कोण खाईल? :-) म्हणजे अनोळखी माणूस नुसता असून भागत नाही, तो कामाचाही असावा लागतो.

हे खरं जमवलं 'एव्हरक्वेस्ट'ने, १९९९ मध्ये. तिथे मेलात की कमावलेला अनुभव कमी व्हायचा आणि सगळं सामान प्रेतापाशी पडून राहायचं. ते आणायला पुन्हा त्याच राक्षसांच्या घरात जायचं, तेही उघड्या अंगाने. त्यामुळे क्लेरिकला देवाचा मान! तो तुम्हाला जिवंत करून गेलेला अनुभव बराचसा परत द्यायचा. विकायला लिलावघर नव्हतं, म्हणून खेळाडूंनीच ईस्ट कॉमनलँड्स नावाच्या भागातल्या एका बोगद्यात बाजार भरवला. आपल्या मंडईसारखाच... ओरडा, घासाघीस करा, ओळखीच्या गिऱ्हाइकाला चार नाणी सोडा. डिसेंबर २००१ च्या एक्सपान्शनमध्ये बझार आला. आपलं पात्र तिथे उभं करून खुशाल झोपायला जायचं, गिऱ्हाईक यादीत शोधून माल घेणार. सोय उत्तम झाली. बोगद्यातला बाजार उठला.

मग २००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला आणि त्याने बरेच काटे काढून टाकले. मेलात तरी अनुभव जात नाही, एकट्याने शेवटच्या लेव्हलपर्यंत जाता येतं. माझ्या सिद्धांताप्रमाणे हा गेम आपटायला हवा होता, पण २०१० पर्यंत त्याचे १ कोटी २० लाख सदस्य झाले! असं कसं? कारण त्याने सुरुवात सोपी केली, पण पुढची मोठी कामं माणसांवरच ठेवली. मोठ्या रेडला ४० जण लागायचे.

मी २००६ च्या आसपास पुण्यात बसून हे उद्योग करायचो. बीएसएनएलच्या तेव्हाच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट, आणि अमेरिकेतली संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. असा दुग्धशर्करा योग! मी हीलर. कधीकधी नेमकी राक्षस अर्धा मेलेला असताना आमच्याकडची वीज जायची. पलीकडे ३९ लोक खोळंबलेले. मला काढून दुसरा घ्यायचा तर तयारीचा हीलर त्या सर्व्हरवर पहाटे शोधणार कुठे? म्हणून थांबायचे. पुढे पुढे तर 'लोडशेडिंग' हा शब्द त्या गिल्डमध्ये रूढच झाला. कोणी मध्येच उठून गेलं की म्हणायचे, लोडशेडिंग झालं वाटतं! ज्यांचे चेहरे मी कधी पाहिले नाहीत त्या ३९ जणांना माझ्या घरची वीज कधी जाते हे माहीत होतं. मला त्या गेममधली एकही क्वेस्ट आज धड आठवत नाही, पण ती माणसं आठवतात.

डिसेंबर २००९ मध्ये त्याच गेममध्ये डंजन फाइंडर आला. आपल्या धंद्याच्या नजरेने बघितलं तर सुरेख फीचर. आधी पाच जणांचा गट जमवायला चॅटवर अर्धा तास ओरडा, मग सगळ्यांनी त्या गुहेपर्यंत चालत जा, दोघांनी आधी पोचून उरलेल्यांना दारातल्या दगडापाशी बोलवा. आता फक्त एक बटण! वेगवेगळ्या सर्व्हरवरचे पाच जण निवडून थेट गुहेत. मी त्या टीममध्ये असतो तर मीही हेच केलं असतं. वाट बघण्याचा वेळ मोजता येतो, त्याचा आलेख काढता येतो, आणि तो खाली आणला की अप्रेझलमध्ये लिहिता येतं. अर्धा तास ओरडताना झालेल्या ओळखींचा आलेख कसा काढणार?

पण त्या बटणाने गणित बदललं. समोरचे चौघे दुसऱ्या सर्व्हरचे, पुन्हा भेटण्याची शक्यता जवळजवळ शून्य. मग नमस्कार कशाला, आभार कशाला? नवख्याने चूक केली की शिकवण्यापेक्षा मतदान करून त्याला हाकलणं सोपं. आणि कोणी उद्धट वागला तरी त्याचं काय बिघडतं? त्याचं नाव लक्षात ठेवणारं कोणी नाही. आपल्या आयटीत माणसाला 'रिसोर्स' म्हणतात ना, तेच. एक गेला, दुसरा लावा.

हे मला नेहमी चाळीसारखं वाटतं. चाळीत नळ एक, गॅलरी एक, त्यामुळे शेजारी आपोआप व्हायचा. सेल्फ-कंटेन्ड फ्लॅटमध्ये समोरच्या दारावरची पाटी वाचून आडनाव कळतं. पण चाळीचे कढ काढणाऱ्यांना विचारा, सकाळी टमरेल घेऊन रांगेत उभं राहायला परत जाल का? कोणी जाणार नाही. लोकांना शेजार हवा असतो, रांग नको असते.

गेम बनवणाऱ्यांची आणि जुन्या खेळाडूंचीही इथेच गल्लत होते. बनवणारे रांग काढायला जातात आणि शेजारही काढून टाकतात. जुने खेळाडू शेजार हवा म्हणून रांगच परत मागतात. ऑगस्ट २०१९ मध्ये 'वॉरक्राफ्ट क्लासिक' आला, म्हणजे जुना गेम, डंजन फाइंडरशिवाय. प्रचंड गर्दी झाली, अनोळखी लोक पुन्हा एकमेकांशी बोलायला लागले, खरंच मजा आली. पण पंधरा वर्षांत प्रत्येक राक्षसाचं प्रत्येक गुपित लिहून झालं होतं. कुठला वर्ग किती मारा करतो याचे तक्ते तयार. लवकरच मंडळी गटात घेण्याआधी तुमचे आकडे तपासायला लागली. नियम जुने आणता आले, अज्ञान कुठून आणणार?

मग शेजार राखून रांग काढता येते का? येते! 'फायनल फँटसी १४' बघा. २०१० मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा इतका वाईट होता की कंपनीने जाहीर माफी मागितली आणि नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रं दिली. फुलांच्या कुंडीवर जवळपास खेळाडूच्या पात्राइतके पॉलिगॉन खर्च केलेले, आणि गेम रखडत चाललेला. (आपल्यापैकी प्रत्येकाच्या प्रोजेक्टमध्ये अशी एक कुंडी असतेच.) योशिदांनी जुना गेम दुरुस्त करता करता शेजारीच नवा बांधला, नोव्हेंबर २०१२ मध्ये जुन्या जगावर आकाशातून चंद्र पाडून ते बंद केलं, आणि ऑगस्ट २०१३ मध्ये नवा सुरू केला. त्यातही एका बटणावर गट जमतो. पण गटात कोणी ती गुहा पहिल्यांदा खेळत असेल तर बाकीच्यांना जादा बक्षीस मिळतं! म्हणजे जो नवखा दुसरीकडे लोढणं, तोच इथे लॉटरीचं तिकीट. शेवटी सहकाऱ्यांपैकी एकाला शाबासकीही देता येते. डिसेंबर २०२१ मध्ये या गेमला इतकी गर्दी झाली की कंपनीला काही आठवडे विक्रीच थांबवावी लागली. चांगुलपणा उपदेशाने येत नाही, थोडासा हिशेबात बसवावा लागतो.

दुसरं टोक 'ईव्ह ऑनलाइन'. २००३ पासून चालू. चीनचा वेगळा सर्व्हर सोडला तर सगळे एकाच विश्वात, आणि फुटलेलं जहाज कायमचं गेलं. तिथे विश्वासघातही नियमात बसतो. त्यामुळे नाव हीच पुंजी. जानेवारी २०१४ मध्ये एका टोळीचं एका सूर्यमालेच्या ताब्याचं बिल भरायचं राहिलं (हो, आपल्या लाइट बिलासारखंच!) आणि त्यावरून सुमारे २१ तासांची लढाई पेटली. ७५ टायटन फुटले. एकेक बांधायला माणसांचे महिने गेलेले. हा गेम सगळ्यांना झेपणारा नाही, मलाही झेपला नाही. पण तिथे कोणी कंटेंट कमी पडला म्हणत नाही, कारण तिथे कंटेंट म्हणजे शेजारीच.

आता निराशेची दोन उदाहरणं. 'स्टार वॉर्स गॅलेक्सीज'मध्ये (२००३) तुम्ही चक्क नाचणारे किंवा वादक होऊ शकायचात. लढून थकलेले लोक तुमच्या गुत्त्यात येऊन बसले की त्यांचा शीण उतरायचा. न लढणाऱ्या माणसालाही जगात जागा होती. नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीने तिसाहून जास्त व्यवसाय कापून नऊ केले, कारण गेम सोपा आणि ॲक्शनवाला करायचा होता. रात्रीत अनेकांचं दोन वर्षांचं पात्रच नाहीसं झालं. नवे खेळाडू काही धावत आले नाहीत, जुने मात्र निघून गेले. डिसेंबर २०११ मध्ये गेम बंद पडला.

आणि ॲमेझॉनचा 'न्यू वर्ल्ड'. सप्टेंबर २०२१ मध्ये स्टीमवर एकाच वेळी नऊ लाखांहून जास्त लोक होते. मग सोनं आणि वस्तूंच्या नकला करणारे बग सापडले, नोव्हेंबरमध्ये व्यापार तात्पुरता बंद ठेवावा लागला. लाकूड तोडून, कातडं कमावून लोकांच्या कामी येणं हाच ज्या गेमचा गाभा, तिथे फुकट नकला निघाल्या की कष्टाला किंमत कसली? पुढच्या काही महिन्यांत बहुतेक लोक निघून गेले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवा कंटेंट येणार नाही असं कंपनीने जाहीर केलं.

असो. ग्राफिक्स महत्त्वाचे नाहीत असं मी म्हणत नाही, बग असावेत असं तर मुळीच नाही. पण आता नवा गेम आला की मी ट्रेलर बघत बसत नाही, तीन प्रश्न विचारतो. एक, रस्त्यात अनोळखी माणूस दिसला तर माझा फायदा होतो की तोटा? दोन, आज मी कोणाशी वाईट वागलो तर उद्या त्याची किंमत मोजावी लागते का? तीन, मी आठवडाभर आलो नाही तर कोणाचं काही अडतं का?

तिन्हींची उत्तरं बरी आली तर खुशाल पैसे घाला, गेम कितीही ओबडधोबड असो. नाही आली तर सरळ एकट्याने खेळायचा एखादा चांगला गेम घ्या. तो निदान वीज गेली की आपोआप थांबतो, आणि पलीकडे कोणी खोळंबत नाही :-)