रेघ पुसायची राहिली
(द्वितीय वर्ष, कला)

‘कर्नेल’ हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा मला लष्करातला कर्नलच आठवला! आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. चूक सांगणार कोण? पुढे कळले, की संगणकाचा सारा संसार सांभाळणारा जो गाभा, तो कर्नेल. कोणत्या कामाला किती मेमरी द्यायची आणि काम संपताच ती परत घ्यायची, हा हिशेब त्याचा. परत घेणे राहिले, की मेमरी गळू लागते. कला शाखेच्या विद्यार्थ्याने यात डोके का घालावे? कारण, माझ्या मते, हा प्रश्न यंत्रापेक्षा माणसाच्या स्वभावाचा अधिक आहे.

लिनक्सच्या कर्नेलचेच पाहा. त्यात गुप्त किल्ल्यांचे जुडगे, म्हणजे ‘कीरिंग’, असतात. एक जुडगा कितीजण वापरतात याची मोजणी ठेवलेली असते. एखाद्या प्रोग्रॅमने आपल्याजवळचाच जुडगा पुन्हा मागितला, तर मोजणी एकाने वाढे; ती उतरवायची मात्र राहून जाई. चूक एवढीच! पण मोजणीचा खाना ३२ बिटांचा. सुमारे ४२९ कोटी वेळा मागणी केली, की गाडीच्या मीटरसारखा आकडा फिरून शून्यावर येई. आता कुणीच वापरत नाही असे समजून कर्नेल ती जागा मोकळी करी. जुडगा तर वापरातच! त्या जागी आपला मजकूर घुसवून साधा वापरकर्ता संगणकाचा सर्वाधिकारी होऊ शके.

ही चूक २०१२ पासून होती. ‘पर्सेप्शन पॉइंट’च्या संशोधकांनी ती उघड केली जानेवारी २०१६ मध्ये. दुरुस्ती केवढी? घेतलेले परत करणारी एक ओळ!

लिनक्सची संहिता सर्वांना खुली आहे. खुली होती म्हणूनच चूक सापडली, असे कुणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. पण तीन वर्षे ती सर्वांच्या डोळ्यांसमोरच होती ना? दार उघडे असले म्हणजे कुणी आत जाऊन पाहतेच असे नाही.

आमच्या गावी महिला मंडळाची लग्नाची भांडी आई सांभाळते. तिला अक्षरओळख नाही. पातेले गेले की ती भिंतीवर कोळशाने रेघ ओढते, परत आले की पुसते. एकदा पुसायचे काम मी विसरलो. परत आलेल्या परातीसाठी आई एका गरीब घरी मागायला गेली आणि त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आले. तो दिवस मी विसरलेलो नाही.

नवे रचणाऱ्याला आपण हार घालतो. रेघ पुसणाऱ्याची आठवण मात्र रेघ राहिली तरच होते. मित्रहो, शिकलेल्या माणसाने हे पुसण्याचे काम हलके समजू नये. माझी आई ते न शिकताच करते आहे.