मनाची गोष्ट : औषधाआधी परवानगी

दोन वर्षांपूर्वी इंदूरला मावशीकडे गेले होते. तिची दाढ दुखत होती म्हणून तिला दाताच्या दवाखान्यात घेऊन गेले. खुर्ची मागे झुकली, तोंडावर लाइट आला आणि मावशीने डॉक्टरांचा हात झटकून टाकला. ती घामाघूम झाली होती. ‘‘एवढं काय घाबरायचं?’’ डॉक्टर हसले. कित्येक वर्षांपूर्वी एका अपघातानंतर मावशी अशीच उताणी पडली होती आणि चारी बाजूंनी अनोळखी चेहरे वाकून बघत होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलंही नाही.

दाढेसाठी एवढं होत असेल, तर थेट मनावर परिणाम करणारं औषध देताना किती काळजी घ्यायला हवी? अमेरिकेतल्या केटामाइन क्लिनिकबद्दल वाचताना हाच प्रश्न मनात आला.

केटामाइन म्हणजे काय?

हे मुळात भूल देण्याचं औषध. ते 1962 मध्ये तयार झालं आणि 1970 मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. आपल्याकडेही ऑपरेशन थिएटरमध्ये ते वापरलं जातं. पुढे संशोधकांना आढळलं, की कमी डोसमध्ये ते नैराश्याच्या काही रुग्णांना आठवड्यांऐवजी काही तासांतच आराम देतं. 2019 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने केटामाइनपासून बनलेल्या एस्केटामाइन या नाकात मारायच्या स्प्रेला मंजुरी दिली, तीही इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी. साधं केटामाइन मात्र कोणत्याही मानसिक आजारासाठी एफडीएने मंजूर केलेलं नाही. तिथले डॉक्टर ते स्वतःच्या जबाबदारीवर देतात.

खरी अडचण कुठे?

औषध चढलं की शरीर आपलं नाहीच, आपण दूर कुठेतरी तरंगतोय, असं वाटू शकतं. कुणाला ते शांत वाटतं. पण ज्याच्यावर अत्याचार झालाय, त्याने त्या वेळीही नेमकं असंच स्वतःच्या शरीरापासून तुटल्यासारखं अनुभवलेलं असू शकतं. अशा माणसाची जुनी जखम उपचारातच पुन्हा उघडू शकते.

म्हणूनच तिथे ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड’ पद्धतीला महत्त्व आहे. समोरच्याच्या मनावर जुना घाव असू शकतो, हे धरूनच चालायचं. सुरक्षितता, विश्वास, एकमेकांच्या साथीने निर्णय आणि रुग्णाची निवड हा या पद्धतीचा पाया आहे.

चांगलं क्लिनिक कसं असतं?

पहिल्या भेटीत रक्तदाब, इतर आजार, चालू औषधं आणि व्यसनाचा इतिहास तपासला जातो. पण ‘तुमच्यासोबत काय घडलं ते सगळं सांगा’ असा हट्ट नसतो. जेवढं सांगावंसं वाटेल तेवढंच सांगायचं.

खोली आधी दाखवली जाते. दार कुठे आहे, लाइट किती हवा, खोलीत कोण थांबेल, हे रुग्ण ठरवतो. सुई टोचण्याआधी विचारलं जातं.

सर्वात महत्त्वाचं म्हणजे स्पर्श. घाबरल्यावर हात धरलेला चालेल का, हे औषध देण्यापूर्वीच ठरतं. कारण औषधाच्या अमलाखाली दिलेला होकार खरा होकार नसतो.

नंतर लगेच घरी पिटाळत नाहीत. एस्केटामाइन घेतल्यावर किमान दोन तास देखरेखीखाली थांबावं लागतं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी चालवता येत नाही. मनात जे वर आलं, त्यावर पुढे थेरपिस्टशी बोलणं होतं.

आपण काय लक्षात ठेवायचं?

केटामाइनची सवय लागू शकते, वारंवार घेतल्याने मूत्राशयाला इजा होते. 2023 मध्ये एफडीएने घरच्या घरी, देखरेखीशिवाय ते घेण्याच्या धोक्याबद्दल इशारा दिला होता. भारतात या औषधावर कडक कायदेशीर नियंत्रण आहे. त्यामुळे ऑनलाइन जाहिरातींना भुलू नका, मानसोपचारतज्ज्ञांनाच विचारा. मन फारच जड झालं असेल, तर सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनवर, 14416 या क्रमांकावर, मराठीतही बोलता येतं.

आणि घरचं कुणी कुठलेही मानसिक उपचार घेत असेल, तर परत आल्याबरोबर ‘काय झालं? काय विचारलं?’ असा भडिमार करू नका. चहा ठेवा, शेजारी बसा. सांगावंसं वाटेल तेव्हा ते सांगतील.

मावशीची दाढ शेवटी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी काढली. त्यांनी खुर्ची झुकवण्याआधीच सांगितलं, ‘‘ताई, तुम्ही हात वर केलात की मी थांबणार.’’ मावशीने दोनदा हात वर केला. दोन्ही वेळा त्या थांबल्या. तिसऱ्यांदा हात वर करायची गरजच पडली नाही.