समासातील दुरुस्ती

जन्मदाखल्यावरील नावात चुकलेला एखादा काना माणसाला जन्मभर छळू शकतो. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ ने त्यावर उपाय सांगितला आहे : चूक सिद्ध झाल्यास निबंधकाने मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्ती लिहावी आणि तिच्याखाली सही व तारीख घालावी. उपाय सोपा, परंतु अर्जदाराच्या वाट्याला अनेकदा हेलपाटेच येतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, सरकारी नोकरी इत्यादींकरिता हाच दाखला जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा एकमेव पुरावा ठरविण्यात आला आहे. दाखल्याचे वजन वाढले, तशी दुरुस्ती करणाऱ्याची जबाबदारीही वाढावयास हवी. अर्ज नाकारावयाचा असेल, तर कारण लेखी द्यावे. कार्यालयाची लेखणी घसरली, तर त्याचा भुर्दंड बालकाने का सोसावा?