दातांच्या तारा निवडताना
वेडेवाकडे दात सरळ करण्यासाठी धातूच्या तारा, सिरॅमिकच्या तारा आणि काढता-घालता येणारे पारदर्शक अलायनर हे मुख्य पर्याय. दात फारच वाकडे आणि खर्च बेताचा असेल, तर धातूच्या ताराच उत्तम. सिरॅमिकच्या तारांत दातावर चिकटवलेली चकती (ब्रॅकेट) दाताच्या रंगाची असते, म्हणून उठून दिसत नाही. पण ती ठिसूळ असते आणि तिच्यावरचे रबरी कडे हळदीच्या रश्श्याने पिवळे पडते. अलायनर दिवसाला 20 ते 22 तास लावावे लागतात. शाळकरी मुलाकडून ते निभेलच असे नाही. श्रीगोंद्यासारख्या उसाच्या तालुक्यात आणखी एक गोष्ट पाहावी: चिकटवलेल्या तारा असताना दातांनी उसाचे कांडे सोलले, की चकती निखळते. दर 4 ते 6 आठवड्यांची फेरी झेपेल असाच दवाखाना निवडावा. उपचारानंतर दात जागेवर धरून ठेवणारे रिटेनर वापरणे टाळल्यास दात पुन्हा सरकतात.