एकच दोष, पण भोग वेगळे

पिकलेल्या केळ्यांभोवती चिलटे घोंगावू लागली की गृहिणीच्या कपाळाला आठ्या पडतात. म्हैसूरला मात्र या चिलटांची मोठी बडदास्त ठेवली जाते. कन्नड कवी कुवेंपु कुलगुरू असताना त्यांनी म्हैसूर विद्यापीठाच्या परिसराला ‘मानसगंगोत्री’ हे सुंदर नाव दिले. तिथल्या ड्रोसोफिला केंद्रात ही चिलटे पिढ्यान्‌पिढ्या बाटल्यांमध्ये सांभाळली जातात. त्यांचे खाद्य म्हणजे रवा, गूळ आणि अगर यांची शिजवलेली खीरच! कुणाचे डोळे पांढरे, तर कुणाचे पंख खुरटलेले.

एवढे लाड कशासाठी? चिलटांची नवी पिढी दहा-बारा दिवसांत तयार होते आणि माणसाच्या आजारांशी संबंध असलेली बरीच जनुके त्यांच्यातही सापडतात. म्हणूनच एक जुने कोडे उलगडायला त्यांची मदत झाली. जनुकातला दोष एकच असताना एकाला त्याचा त्रास फार आणि दुसऱ्याला जवळजवळ नाही, असे का होते?

चिलटांच्या एका जातीत डोळे अगदी लहान असतात किंवा नसतातच. पण अशी चिलटे बाटलीत बऱ्याच पिढ्या वाढवली, तर त्यांचे डोळे हळूहळू जवळपास नेहमीसारखे दिसू लागतात. दोष गेला म्हणावे, तर त्यांचा निरोगी चिलटांशी संकर केल्यावर नातवंडांमध्ये पुन्हा बिनडोळ्यांची चिलटे निघतात! म्हणजे दोष होता तिथेच होता. बाकीच्या जनुकांनी मिळून त्याला सावरून धरले होते. परिस्थितीचाही असाच हात असतो. खुरट्या पंखांची चिलटे जास्त उबेत वाढवली, तर त्यांचे पंख अधिक लांब होतात.

एकत्र कुटुंबात एखादा कामात थोडा उणा असला, तरी बाकीचे सांभाळून घेतात आणि बाहेर कळतही नाही. पण घरात मोठे आजारपण आले, की तेच उणे उघडे पडते. पेशीतही असेच घडते. १९९८ साली अमेरिकेतील सुझाना रदरफर्ड आणि सुझन लिंडक्विस्ट यांनी चिलटांवरच हे दाखवून दिले. इतर प्रथिनांना योग्य आकार धरायला मदत करणारे एक प्रथिन पेशीत असते. ते कमी पडताच डोळे, पंख आणि पाय यांत नाना प्रकारची व्यंगे दिसू लागली. हे दोष आधीपासूनच होते. फक्त झाकलेले होते.

माणसातले ठळक उदाहरण म्हणजे सिकलसेल. भारतात हा दोष प्रथम १९५२ मध्ये, म्हैसूरहून जवळच असलेल्या नीलगिरीच्या आदिवासींमध्ये आढळला. आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबार भागात तो बराच दिसतो. हिमोग्लोबिनच्या जनुकातील एका अक्षराच्या चुकीने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. चूक सर्वांत तीच, तरी एकाला वारंवार रुग्णालयात न्यावे लागते आणि दुसरा शेतात राबतो.

गर्भात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते. जन्मानंतर ते कमी होत जाते, पण काहींच्या रक्तात ते मोठेपणीही बरेच उरते आणि पेशींना वाकू देत नाही. अशांचा आजार सहसा सौम्य असतो. हायड्रॉक्सियुरिया हे औषध हेच हिमोग्लोबिन वाढवते. अर्थात ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे. उलट ताप, जंतुसंसर्ग, कडाक्याची थंडी किंवा पाणी कमी पिणे यांनी दुखणे उसळते. म्हणून अशा मुलाच्या दप्तरात पाण्याची बाटली हवीच, आणि वर्गात पाणी प्यायला त्याला मोकळीक हवी.

सर्वांत मोठा आधार मात्र निसर्गानेच दिला आहे. बहुतेक जनुकांच्या दोन प्रती, एक आईची आणि एक वडिलांची. एक बिघडली तरी बहुधा दुसरी निभावून नेते. म्हणूनच सिकलसेलचा वाहक सहसा धडधाकट असतो आणि त्याला स्वतःलाही पत्ता नसतो. पण नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेस बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. दक्षिण कर्नाटकात मामा-भाचीचे, आपल्याकडे मामेबहीण-आतेभावाचे लग्न होते. जवळच्या नात्यात तीच बिघडलेली प्रत दोन्हीकडे असण्याचा संभव वाढतो.

१ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. तपासणीला रक्ताचे काही थेंब पुरतात. हा आजार ज्या भागात आहे, तिथे पत्रिका जुळवण्याआधी ती तपासणी करून घ्यावी. दोघेही वाहक निघाले, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गर्भावस्थेतही तपासणी करता येते. आणि आजारी मूल जन्मलेच, तर सुनेला बोल लावू नये. आजार व्हायला एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून यावी लागते. त्या मुलाला औषध हवे, पाणी हवे आणि घरातल्या सर्वांनी सांभाळून घेणेही हवे.