मोडक्या गाडीचे मोल कोणी ठरवायचे?

वाचकहो, गेल्या वीस-पंचवीस वर्षांत खेड्यापाड्यांतही दारात चारचाकी उभी राहू लागली. कुणी द्राक्षाच्या पैशातून घेतली, कुणी उसाच्या बिलाच्या भरवशावर, बहुतेकांनी बँकेचे कर्ज काढून. आजारी माणूस तालुक्याला न्यायचा, पोरीला परीक्षेला सोडायचे, बियाणे आणायचे, सगळे तिच्यावर. मग हंगामात एखाद्या रात्री विनादिव्याची उसाची ट्रॉली आडवी येते आणि गाडीचा चेंदामेंदा होतो. माणसे नशिबाने वाचतात. घरचे म्हणतात, "जीव वाचला, गाडीचं काय, विमा आहे की!" खरी कसोटी तिथून पुढे सुरू होते.

कंपनीचा सर्व्हेअर येतो, फोटो काढतो, जातो. काही दिवसांनी फोन येतो : गाडी जुनी झाली होती, आज बाजारात तिला एवढीच किंमत, सांगाडा तुम्हीच ठेवा, अमुक रक्कम घ्या आणि सही करा. इकडे बँकेचा हप्ता थांबलेला नसतो आणि गॅरेजवाला जागेचे भाडे मागत असतो. शेतकरी विचार करतो, साहेब म्हणतात म्हणजे तसेच असेल, आणि सही करून मोकळा होतो. आमचे म्हणणे इतकेच की, ही सही करण्यापूर्वी पॉलिसीचा कागद एकदा उघडून बघा.

त्या कागदावर 'आयडीव्ही' नावाचा एक आकडा असतो. म्हणजे गाडीचे विम्यासाठी ठरवलेले मूल्य. नव्या गाडीच्या किमतीतून वयानुसार घसारा वजा करून तो काढतात. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. त्यापुढे दोघांच्या संमतीने. २००२ च्या मोटार विमा दरपत्रकाने हे ठरवून दिले आणि त्याच नियमात स्पष्ट म्हटले की, गाडी पूर्ण निकामी झाली तर पॉलिसीच्या मुदतीत हाच आकडा तिची बाजारभावाची किंमत धरायचा, आणखी घसारा कापायचा नाही. ही भाषा आजही पॉलिसीत छापलेली सापडते. ज्या आकड्यावर हप्ता घेतला, त्याच आकड्यावर भरपाई द्यायची, यात कसली मेहेरबानी?

हिशेब करून पाहू. समजा, गाडी नवी असताना किंमत ८ लाख. अडीच वर्षांच्या गाडीला ३० टक्के घसारा, म्हणजे आयडीव्ही ५ लाख ६० हजार. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी 'टोटल लॉस' धरतात. आपल्या हिशेबात ही रेघ ४ लाख २० हजारांवर येते. गॅरेजने साडेचार लाखांचा अंदाज दिला, तर गाडी टोटल लॉस. आता कंपनी म्हणाली, बाजारभाव साडेचार लाख, सांगाड्याचे एक लाख वजा, साडेतीन लाख घ्या, तर ते चूक आहे. सक्तीची किरकोळ वजावट सोडून ५ लाख ६० हजारांचा हिशेब झाला पाहिजे. सांगाडा कंपनीने न्यावा असे लेखी मागा. तो आपणच ठेवणार असाल तरच त्याची किंमत वजा होऊ द्या, आणि ती कोणत्या बोलीवरून धरली तो कागद मागून घ्या.

याची उलटी बाजूही ध्यानात ठेवा. कधी कधी अंदाज मुद्दाम ७५ टक्क्यांच्या आत बसवला जातो. मग गाडी 'दुरुस्त होण्याजोगी' ठरते आणि सुट्या भागांचा घसारा सुरू होतो. रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात. चेसिस वाकलेली गाडी ठाकठीक करून गळ्यात पडते. अशा वेळी दुसऱ्या नामांकित गॅरेजचा लेखी अंदाज आणा आणि कंपनीला द्या.

सर्व्हेअरचा अहवाल म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. तो महत्त्वाचा पुरावा आहे, पण अंतिम शब्द नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सांगून ठेवले आहे. अहवालाची प्रत लेखी मागा. 'पूर्ण व अंतिम' असे छापलेल्या पावतीवर अडवणुकीने सही घेतली असेल, तर तेवढ्यावरून हक्क बुडत नाही, असे त्याच न्यायालयाने १९९९ मध्ये म्हटले होते. पण ती सही दबावाखाली झाली हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येतो. म्हणून सहीच विचार करून करावी, हे बरे.

भांडण करायचे ते कागदाने करा, फोनवर नको. पहिला अर्ज कंपनीच्या तक्रार विभागाकडे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे. त्यांची कार्यालये मुंबई आणि पुण्यात आहेत, फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात. दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. भरलेला हप्ता ५ लाखांच्या आत असेल, तर तिथेही फी नाही. मात्र आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते हाती घेत नाहीत, तेव्हा आधी वाट ठरवा.

आता थोडे आपल्याही पदरात. हप्ता काही शे रुपयांनी कमी व्हावा म्हणून आयडीव्ही कमी लावून घेणारे आपल्यात कमी नाहीत, मग अपघातानंतर कुणाशी भांडणार? कित्येकांकडे फक्त 'थर्ड पार्टी' असते, त्यात स्वतःच्या गाडीचा एक छदाम मिळत नाही. लग्नसराईत खासगी गाडी भाड्याने सोडणारे स्वतःच कंपनीच्या हाती कोलीत देतात. गाडी निकामी झाल्याची खबर आर.टी.ओ.ला १४ दिवसांत द्यायची असते, तीही बहुतेक देत नाहीत. आर.सी. नावावर तशीच ठेवून सांगाडा भंगारवाल्याला दिला, तर उद्या ती गाडी कुठे आणि कशासाठी फिरेल, हे देवच जाणे.

कंपन्यांकडे आमची मागणी साधी आहे. आयडीव्हीचा आकडा आणि टोटल लॉसचा नियम पॉलिसीच्या पहिल्याच पानावर, ठळक मराठीत छापा. भरपाई देताना कोणती रक्कम का कापली, हे ओळीओळीने लिहून द्या. एजंटांनी हप्ता घेताना जी तत्परता दाखवली, ती अपघातानंतरही दाखवावी. विमा लोकपालांनी वर्षातून एकदा तरी जिल्ह्याच्या ठिकाणी येऊन तक्रारी ऐकाव्यात. द्राक्षाचा हंगाम सोडून पुण्या-मुंबईच्या चकरा मारणे प्रत्येकाला परवडत नाही.

आणि वाचकहो, तुम्ही आज एवढे करा. कपाटातली पॉलिसी काढा, आयडीव्हीचा आकडा वाचा आणि तो घरच्यांनाही दाखवून ठेवा. तो पटत नसेल तर नूतनीकरणाच्या वेळीच बोला.