वळचणीचे भाडेकरू

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात आमच्या मिरजोळ्याच्या घरी एक लहानसे दुःख झाले. परसदारी लावलेला लाल भोपळ्याचा वेल पडवीच्या पत्र्यावर चढला, पिवळ्याधमक फुलांनी भरून गेला, पण एकही भोपळा हाती लागला नाही. लिंबाएवढे फळ दिसायचे, चार दिवसांत पिवळे पडायचे आणि गळून जायचे. आम्ही शेणखत घातले, चुलीतली राख घातली, दुकानातून खताची पुडी आणून तीही घातली. वेल आणखी माजला, फळाचे मात्र नाव नाही.

कोणी म्हणेल, एका भोपळ्याचे एवढे काय मनावर घ्यायचे? पण महिन्याच्या वीस तारखेनंतर ज्या घरात भाजीला जाताना आधी पाकीट उघडून पाहावे लागते, त्या घराला दारच्या भोपळ्याची किंमत ठाऊक आहे. एक मोठा भोपळा शेजारच्या चार घरांत वाटला तरी दोन वेळची भाजी उरते.

आमची आई आता ऐंशीच्या घरात आहे. तरुणपणी तिने आंब्याच्या बागांतून मजुरी केली. शाळेचे तोंड तिने पाहिले नाही, पण झाडापेडांचे तिला कळते. ओट्यावर बसल्या बसल्या ती एक दिवस म्हणाली, "आरं, माशीच फिरकत नाय वेलावर, तर फळ धरंल कसा? त्या पांढऱ्या पावडरीनं तूच समद्या मारल्यास."

आम्ही वरमलो. वेलाची पाने लाल भुंगेरे कुरतडत होते म्हणून आम्हीच दुकानातून पावडर आणली होती आणि कचेरीला जाण्याआधी सकाळी सातच्या सुमारास, म्हणजे नेमकी फुले उमललेली असताना, सढळ हाताने धुरळली होती. भुंगेरे चार दिवसांनी पुन्हा आले. माश्या आल्या नाहीत.

भोपळ्याच्या वेलावर नर फुले वेगळी आणि मादी फुले वेगळी असतात. नर फुलाचा देठ लांब आणि बारीक असतो. मादी फुलाच्या खाली इवलासा गोल भोपळा आधीच दिसतो. वेलाला आधी नुसती नर फुले येतात आणि मादी फुले मागाहून येतात, म्हणून पहिले काही दिवस फळ धरले नाही तर घाबरू नये. फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. तेवढ्या वेळात नर फुलातले पराग मादी फुलावर पोचले तर फळ वाढते, नाहीतर गळते. हे पराग जड आणि चिकट असतात, वाऱ्याने उडत नाहीत. त्यांना न्यायला माशी लागते. तो निरोप्याच आम्ही मारून टाकला होता.

मग या निरोप्यांना परत बोलवायचे कसे? युरोपातल्या बागांतून लोक लाकडाच्या आणि पोकळ काड्यांच्या पेट्या टांगतात आणि त्यांना कीटकांचे हॉटेल म्हणतात. आम्हाला हॉटेल म्हटले की मिसळ आठवते. इथे तर खाणे मिळत नाही, फक्त राहायला खोली मिळते. म्हणून आम्ही तिला सरळ भाड्याची खोली म्हणतो.

माशी म्हटली की आपल्याला मोहोळच आठवते. आग्या, सातेरी, फुलोरी आणि झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या भेगेत राहणारी बारकी पोया या आपल्याकडच्या मधमाश्या सर्वांना ठाऊक आहेत. पण जगात माश्यांच्या वीस हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक एकएकट्या राहतात. त्यांच्यात राणी नाही, कामकरी नाहीत, मधाचा साठा नाही. एकटी आई स्वतः घर शोधते, पिलांसाठी परागाची शिदोरी भरते, अंडे घालते, दार लिंपते आणि निघून जाते. राखायला मध नसल्यामुळे ती कोणाच्या अंगावर धावून येत नाही. मुठीत दाबली तरच डसेल. त्यामुळे घरात लहान मुले आहेत म्हणून खोली बांधायला भिऊ नये.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कामाला लागलो. साहित्य असे. वाळलेल्या बांबूचे वीतभर लांबीचे वीस-पंचवीस तुकडे. प्रत्येक तुकड्याचे एक टोक पेरापाशी कापावे, म्हणजे मागची बाजू आपोआप बंद राहते आणि पुढची उघडी. भोके सगळी एका मापाची नकोत. काही जाडसर काडीएवढी असावीत, काही करंगळीएवढी. त्याबरोबर जळाऊ लाकडातला एक सुका, न किडलेला ओंडका घेतला. शेजारचा एक तरुण कारखान्यात फिटर आहे. त्याने आपल्या ड्रिलने त्यात ४, ६ आणि ८ मिलिमीटरची भोके पाडून दिली, आरपार न जाणारी, साधारण दहा सेंटिमीटर खोल. भोकाच्या तोंडाशी कुसळे राहिली तर माशीचे पंख फाटतात, म्हणून आमच्या सातवीतल्या मुलीने काचकागद घेऊन एकेक तोंड गुळगुळीत केले. खर्च विचाराल तर काचकागदाचा तेवढा.

दोन गोष्टी जपाव्यात. औद्योगिक वसाहतीत खोक्यांच्या फळ्या फुकट मिळतात, पण ज्या फळीला रंग, वार्निश किंवा वाळवीचे औषध लावले आहे ती वापरू नये. दुसरी गोष्ट पाण्याची. आपल्या रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुस्तकातल्या चित्रासारखी पेटी बागेत उघड्यावर टांगली तर आषाढातच तिला बुरशी लागेल. म्हणून ती घराच्या वळचणीला, सकाळचे ऊन येईल अशा बाजूला, छातीएवढ्या उंचीवर पक्की बांधावी. वाऱ्याने हलता कामा नये. बांबूचे तुकडे दर वर्षी बदलावेत, कारण जुन्या नळीत बारीक किडे आणि बुरशी साठते. मात्र लिंपलेले तोंड फुटून आतली पिले बाहेर पडेपर्यंत नळीला हात लावू नये.

जमिनीत बीळ करून राहणाऱ्या माश्या तर याहून जास्त आहेत. त्यांच्यासाठी काहीच बांधावे लागत नाही. परसातला उन्हाचा एक कोपरा न सारवता, लादी न घालता, तसाच मोकळा सोडावा. एवढे केले तरी पुष्कळ झाले.

पहिला महिना कोणी आले नाही. मुलगी रोज शाळेतून आली की वही घेऊन उभी राहायची. मग एका सकाळी तिने आरोळी दिली, "बाबा, एका खोलीला दार लागलं!" पाहतो तो एका नळीचे तोंड हिरव्या पानाच्या गोल चकत्यांनी बंद केलेले. ही पाने कापणारी माशी. आमच्या गुलाबाच्या पानांना कडेने कात्रीने कापल्यासारखे गोल घास पडलेले दिसत होते, त्याचा उलगडा तेव्हा झाला. ही माशी नळीत मागून पुढे अशी एकामागून एक खोली करते. मागच्या खोल्यांत मुली आणि दाराजवळच्या खोल्यांत मुलगे. बाहेर मुलगे आधी पडतात.

दुसरी भाडेकरीण आली ती कुंभारीण. मातीने तोंड लिंपणारी ही गांधीलमाशीची बहीण सगळ्यांच्या ओळखीची आहे. हिच्याविषयी एक जुना समज आहे. ती एक अळी पकडून मातीच्या घरात कोंडते आणि ती अळी कुंभारणीच्या भीतीने, तिचाच ध्यास घेऊन, शेवटी कुंभारीण होऊन बाहेर पडते. कीर्तन-प्रवचनांतून हा दाखला पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला. प्रत्यक्षात काय घडते? कुंभारीण अळीला डंख मारून लुळी करते, जिवंत ठेवते आणि तिच्याजवळ आपले अंडे घालते. अंड्यातून निघालेले पिलू त्या अळीला खाते आणि मोठे होऊन बाहेर पडते. अळीची कुंभारीण कधीच होत नाही, अळी कुंभारणीच्या पोटात जाते. आम्ही एक फुटलेले घर मुलीला उघडून दाखवले. आत अळीची वाळलेली साल होती. ती म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं कुणी उघडून बघितलंच नाही?" या प्रश्नाचे उत्तर मोठ्यांनी आपापल्या मनाशी द्यावे. कुंभारीण पाने खाणाऱ्या अळ्या नेते, म्हणून परसबागेला ती उपयोगीच आहे.

बांबूच्या थोराड नळीत काळा, जाडजूड भुंगा शिरला. त्याच्या घुं घुं आवाजाला मुले घाबरतात, पण त्या आवाजातच त्याचे काम आहे. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलात पराग बंद नळीत असतात, ते जोराने थरथरवल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. मधमाशीला ते जमत नाही, भुंग्याला जमते. शेवग्याच्या आणि तुरीच्या फुलावरही हाच भुंगा राबतो. पडवळाची पांढरी फुले रात्री उमलतात, त्यांच्याकडे पतंग येतात. आणि ज्या आंब्यावर आपला जिल्हा जगतो, त्याच्या मोहोरावर तर साध्या माश्यासुद्धा राबतात, ज्यांना आपण हाकलत असतो. मोहोरात हजारो फुले असतात, त्यांतली बरीचशी नुसती नर. उरलेल्यांपर्यंत पराग पोचवायला हेच जीव लागतात. म्हणून मोहोर पूर्ण फुललेला असताना औषध मारू नये असे कृषी शास्त्रज्ञ सांगतात.

इथे एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. बागेत औषध मारायला कोण जातो? आपलीच मुले जातात. गेल्या हंगामात ओळखीतला एक मुलगा बारावीनंतर घरी बसण्यापेक्षा बरे म्हणून फवारणीच्या मजुरीला गेला. तोंडाला नुसता रुमाल, अंगात अर्ध्या बाहीचा सदरा. संध्याकाळी त्याला गरगरले, उलट्या झाल्या. दोन दिवस दवाखान्यात काढून तो बरा झाला, पण डॉक्टरांनी औषधाचे नाव विचारले तेव्हा कोणालाच सांगता आले नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते आठवून आमच्या अंगावर काटा आला.

म्हणून घरोघरच्या आयाबहिणींना विनंती आहे. मुलगा फवारणीला जात असेल तर त्याला डब्यावरच्या चौकोनाचा रंग ओळखायला शिकवा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे आणि तोंडाला योग्य मास्क मालकाकडे मागून घ्यावा, तो मागण्यात लाज नाही. वाऱ्याच्या तोंडाला उभे राहून फवारू नये. हात धुतल्याशिवाय तंबाखू किंवा भाकरी तोंडात घालू नये. त्रास झालाच तर डबा किंवा त्यावरचा कागद डॉक्टरकडे सोबत न्यावा. जे माशीला मारते, ते माणसालाही सोडत नाही.

यंदाच्या पावसाळ्यात आम्ही पावडर आणली नाही. लाल भुंगेरे सकाळी गारठलेले असतात, तेव्हा मुलीने आणि तिच्या आईने ते वेचून साबणाच्या पाण्यात टाकले. शिवाय आम्ही हातानेही परागीभवन केले. सकाळी ताजे नर फूल खुडायचे, पाकळ्या काढायच्या आणि आतला दांडा मादी फुलाच्या मध्यावर अलगद फिरवायचा. एवढेच.

ही युक्ती करताना आम्हाला एदमाँ आल्बियस या मुलाची आठवण येते. फ्रेंचांच्या ताब्यातल्या रियुनियन बेटावर तो गुलाम म्हणून जन्मला. त्या बेटावर मेक्सिकोहून आणलेले व्हॅनिलाचे वेल होते, पण तिकडची माशी नसल्याने फळ धरत नव्हते. मोठमोठ्या जाणत्यांना सोपी रीत सापडेना. मालकाने या मुलाला कलिंगडाच्या जातीच्या एका वेलाची नर-मादी फुले जुळवायला शिकवले होते. तेवढ्या शिदोरीवर १८४१ साली, बारा वर्षांच्या वयात, त्याने बारीक काडी आणि अंगठा वापरून व्हॅनिलाचे फूल फळवून दाखवले. आजही व्हॅनिलाच्या बागांतून त्याच रीतीने काम चालते. एका नामांकित फ्रेंच वनस्पतीतज्ज्ञाने ही रीत आपली म्हणून सांगितली. १८४८ मध्ये गुलामगिरी संपली, एदमाँ मोकळा झाला, पण १८८० साली तो गरिबीतच वारला. ज्याच्या अंगठ्याने इतरांची घरे भरली, त्याच्या हाती काही पडले नाही. आपल्या वाचकांना ही गोष्ट निराळी समजावून सांगायला नको.

आता आमचा हिशेब. आम्ही वाणिज्य शाखेचे, आकडा लपवत नाही. हाताने फळवलेल्या प्रत्येक फुलाच्या देठाला मुलगी लाल दोरा बांधत होती. वेलाला एकूण पाच भोपळे आले. तिघांना दोरा होता, दोघांना नव्हता. ते दोन माश्यांचे. वळचणीच्या खोलीमुळेच ते आले असे आम्ही म्हणणार नाही, कारण भोपळ्यावर येणाऱ्या माश्या मोहोळातल्या किंवा बिळातल्याही असू शकतात. पावडर थांबली आणि कोपरा मोकळा राहिला, हे त्यातले मोठे कारण असावे. खोलीने एक केले, घरातल्या माणसांना थांबून बघायला शिकवले.

धम्मपदातल्या पुप्फवग्गात तथागतांनी भुंग्याचा दृष्टांत दिला आहे, तो वाचकांनी मुलांना जरूर वाचून दाखवावा. फुलाचे काही न बिघडवता तो आपले पोट भरतो, आणि जाताना फुलाचे कामही करून जातो. आमच्या खातेवहीत असा व्यवहार आम्ही कधी पाहिला नाही, ज्यात दोन्ही बाजूंना जमाच आहे.

पहिला भोपळा आईने स्वतः चिरला. चार घरांत फोडी गेल्या. फवारणीला जाणाऱ्या त्या मुलाच्या घरी मुलीने फोडीबरोबर बांबूचे पाच तुकडेही नेऊन दिले. आता त्यांच्याही वळचणीला खोली लागली आहे. अजून तिथे कोणी आलेले नाही. वाट पाहणे चालू आहे.